१२१ ला वितळलं, मग बेंझोइक अ‍ॅसिडच कशावरून?

म्हापशाहून टी. वाय. बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "प्रॅक्टिकलला पांढरी, बारीक स्फटिकांची पूड मिळाली. लॅसेन टेस्टमध्ये नायट्रोजन, सल्फर, हॅलोजन काहीच आलं नाही. मेल्टिंग पॉइंट ११८ ते १२१ आला. तक्त्यात १२२ समोर बेंझोइक अ‍ॅसिड होतं, तेच लिहिलं. सर म्हणाले, कशावरून? आणि शुद्ध आहे की नाही, तेही सांग. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर देता आलं नाही."

सरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये माझी बरीच वर्षं गेली. नवीन आलेली मुलं हमखास हेच करायची: आकडा घ्यायचा, तक्त्यात जवळचं नाव शोधायचं आणि मोकळं व्हायचं. द्रवणांक, म्हणजे मेल्टिंग पॉइंट, असा वापरायचाच नसतो. तो ‘हे नव्हे’ असं फार ठामपणे सांगतो. ‘हेच आहे’ असं म्हणायला मात्र त्याला जोडीला दुसरं काहीतरी लागतं. तुमच्या आकड्यावरून बेंझोइक अ‍ॅसिड शक्य आहे, इतकंच म्हणता येतं. शुद्धतेबद्दल म्हणाल तर, एकतर नमुन्यात एखाद टक्का काहीतरी मिसळलेलं आहे, किंवा तो ओला आहे, किंवा तापवायची घाई झाली आहे. यातलं कुठलं, ते शोधता येतं.

आधी तक्ता कसा वाचायचा ते सांगतो, कारण हे कुणी शिकवत नाही. मिसळलेली वस्तू द्रवणांक सहसा खाली ओढते, वर ढकलत नाही. म्हणून निरीक्षणाच्या दोन्ही बाजूंना सारखंच शोधण्यात अर्थ नाही. खालची नावं जवळजवळ बिनधास्त खोडायची. रिसॉर्सिनॉल ११० ला वितळतं. तुमचा नमुना ११८ पर्यंत घट्ट उभा होता, म्हणजे तो रिसॉर्सिनॉल नाही. अ‍ॅसिटॅनिलाइड ११४ चं, त्यात नायट्रोजनही असतो, तेही गेलं. वरच्या बाजूला मात्र पाच-दहा अंशांपर्यंत, आणि नमुना घाण वाटत असेल तर आणखी थोडं वर, नजर टाकायची. तुमच्या बाबतीत नायट्रोजन-सल्फर-हॅलोजन नसलेली नावं अशी निघतात: सक्सिनिक अ‍ॅनहायड्राइड (११९ ते १२०), रेसेमिक (म्हणजे रेणूची आरशातली दोन्ही रूपं सारख्या प्रमाणात असलेलं) मँडेलिक अ‍ॅसिड (११९ ते १२१), बेंझोइक अ‍ॅसिड (१२२), बीटा-नॅफ्थॉल (१२२ ते १२३), थॅलिक अ‍ॅनहायड्राइड (१३१), सिनॅमिक अ‍ॅसिड (१३३). शेवटची दोन जरा लांबची आहेत, पण बरीच अशुद्ध असतील तर इथवर उतरू शकतात. एका आकड्याने सहा उमेदवार उभे केले. सरांचा ‘कशावरून’ इथून सुरू होतो.

आता खाली का ओढलं जातं ते. शुद्ध स्फटिकात सगळे रेणू एकाच घडणीत बसलेले असतात, त्यामुळे घन आणि द्रव एका ठरावीक तापमानाला समतोलात येतात आणि वितळणं अर्ध्या-एक अंशात उरकतं. द्रवात दुसरं काही विरघळलेलं असेल, तर द्रवाची बाजू बळावते आणि हा समतोल कमी तापमानाला येतो. घरी अमृतधारेची बाटली असेल तर हे रोज डोळ्यांसमोर आहे. कापूर १७५ ते १८० अंशांदरम्यान वितळतो, ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल पन्नाशीला, पेपरमिंटचं फूल म्हणजे मेंथॉल बेचाळीसच्या आसपास. तिन्ही कोरडे, तिन्ही घन. बाटलीत सारख्या प्रमाणात घालून हलवलं की काही वेळात पाणी होतं, शेगडीसुद्धा लागत नाही.

किती खाली ओढलं जातं, याचं गणित आहे आणि ते एकदा हाताने करून बघावं. थोड्या अशुद्धीसाठी घट ही वायू स्थिरांक गुणिले द्रवणांकाचा (केल्व्हिनमधला) वर्ग गुणिले अशुद्धीचा मोल-अंश, भागिले वितळण्याची मोलर उष्णता. बेंझोइक अ‍ॅसिडचा द्रवणांक ३९५.५ केल्व्हिन आणि वितळण्याची उष्णता मोलमागे सुमारे १८ किलोज्यूल. शंभर रेणूंत एक परका असेल, तर घट येते ०.७ अंशाच्या थोडी वर. म्हणजे एक अंश खाली आलेला नमुना साधारण दीड मोल टक्का अशुद्ध. कापराची वितळण्याची उष्णता फार कमी, त्यामुळे तिथे हीच घट अडीच अंशांच्या घरात जाते. म्हणूनच रास्टच्या पद्धतीत रेणुभार काढायला कापूर घेत.

यात ‘मोल’ हा शब्द विसरू नका. टक्के वजनाचे नाहीत. पाण्याचा रेणू १८ चा, बेंझोइक अ‍ॅसिडचा १२२ चा. वजनाने फक्त ०.२ टक्के ओलावा राहिला, तर मोलांच्या हिशेबात तो १.३ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि कागदावर द्रवणांक एक अंशाने घसरतो. प्रत्यक्षात उघड्या कॅपिलरीतून, म्हणजे पूड ज्यात तापवतात त्या बारीक काचनळीतून, थोडं पाणी उडून जातं, सगळी घट दिसत नाही. पण तुम्ही जुलैत, गोव्यात, बहुधा पाण्यातून रिक्रिस्टलाइझ करून (गरम पाण्यात विरघळवून, थंड करून पुन्हा स्फटिक पाडून) फिल्टर पेपरवर तासभर वाळवलेला नमुना घेतला असणार. इथे पावसाळ्यात फिल्टर पेपर स्वतःच ओला असतो. त्यामुळे माझा पहिला संशय मिसळीवर नाही, पावसावर आहे.

म्हणून पहिलं काम: नमुना कोरडा करा. बेंझोइक अ‍ॅसिड ओव्हनमध्ये गरम ठेवू नका, त्याचं संप्लवन होतं, म्हणजे न वितळताच वाफ होते, आणि माल कमी होत जातो. निळ्या नाहीतर नारिंगी सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) रात्रभर ठेवा. जेलचा रंग आधी बघा. कॉलेजांतल्या डेसिकेटरमधलं जेल जूनपासून सप्टेंबरपर्यंत बहुतेक वेळा ‘भरलेलं’च असतं आणि झाकणाचं ग्रीस वाळलेलं असतं. तसं डेसिकेटर म्हणजे नुसता काचेचा डबा.

दुसरं काम: कॅपिलरी नीट भरा. पूड वॉच ग्लासवर स्पॅट्युलाने बारीक दाबून घ्या, खडे ठेवू नका. एका टोकाला बंद केलेल्या कॅपिलरीचं उघडं टोक पुडीत टोचायचं, मग उलटी करून उभ्या धरलेल्या लांब काचनळीतून दोन-चार वेळा खाली टाकायची. टेबलावर आपटून पूड तळाला घट्ट बसते. उंची दोन ते तीन मिलिमीटर, जास्त नको. मुलांना वाटतं जास्त घातलं की नीट दिसेल. उलट होतं: उंच थराच्या तळाचं आणि माथ्याचं तापमान वेगळं असतं, आणि वितळण्याची कक्षा, म्हणजे सुरुवात ते शेवट यांतलं अंतर, फुकटची रुंदावते. सैल भरलेली पूडही तशीच त्रास देते, मध्ये हवा राहते आणि उष्णता हळू पोचते.

तिसरं काम, आणि खरी गोम इथेच आहे, ते म्हणजे तापवण्याचा वेग. कॅपिलरी थर्मामीटरला बांधून तेलात तापवतात, आणि थर्मामीटर तेलाचं तापमान सांगतो, पुडीचं नाही. तेल मिनिटाला आठ-दहा अंशांनी चढत असेल, तर पूड मागे राहते. ती वितळेपर्यंत थर्मामीटर पुढे निघून गेलेला असतो. आकडा जास्त येतो आणि कक्षा पसरते. म्हणून दोन कॅपिलऱ्या भरायच्या. पहिली भराभर तापवून अंदाज घ्यायचा: समजा १२० च्या आसपास. मग तेल पंधरा-वीस अंश थंड होऊ द्यायचं, दुसरी ताजी कॅपिलरी बांधायची आणि अपेक्षित आकड्याच्या दहा अंश अलीकडून मिनिटाला एक अंश, फार तर दोन. वापरलेली कॅपिलरी पुन्हा तापवू नका. काही पदार्थ वितळताना थोडे विघटित होतात, काही थंड होताना वेगळ्या स्फटिकरूपात बसतात.

थील ट्यूब (बाजूला हात असलेली, तेल भरायची काचनळी) वापरत असाल तर बर्नर बाजूच्या दांडीखाली, तळाखाली नाही. तेलाचा प्रवाह फिरावा म्हणूनच तिला तो हात दिलेला आहे. योहानेस थील यांनी ही नळी १९०७ मध्ये सुचवली, आणि ढवळायला माणूस न लावता तेल स्वतःच फिरतं, यातच तिचं सगळं मोल आहे. कॅपिलरीतली पूड थर्मामीटरच्या फुग्याच्या मध्याला लागून हवी. रबराचं कडं तेलाच्या वर असावं, गरम झाल्यावर तेल फुगून चढतं हे धरून. बुचाला खाच असायलाच हवी, नाहीतर बंद भांडं तापवल्यासारखं होईल. तेलात पाण्याचा थेंब गेला असेल तर शंभरच्या पुढे ते तडतडून उडतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली ट्यूब वापरण्याआधी तेल नीट बघा. आणि पंखा बंद करा. उकाड्यात कुणाला आवडत नाही, पण पंख्याखाली बर्नरची ज्योत हलत राहते आणि मिनिटाला एक अंश जमत नाही.

काय बघायचं आणि कधी लिहायचं, यावर प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वाद होतात. पूड आधी थोडी आकसते, भिंतीपासून सुटते, कधी तिला घाम फुटल्यासारखं दिसतं. ते वितळणं नव्हे. भिंतीला पहिला स्वच्छ द्रवाचा थेंब दिसला, की पहिला आकडा. शेवटचा स्फटिक नाहीसा होऊन सगळं पारदर्शक झालं, की दुसरा. दोन्ही लिहायचे, नेहमी. ‘द्रवणांक १२१’ असं एकट्या आकड्याने लिहिलेलं जर्नल पाहिलं, की मला ते तक्त्यावरून उतरवलेलं वाटतं, आणि बहुधा ते तसंच असतं. आकसणं ठळक असेल तर तेही शब्दांत नोंदवा. औषध कारखान्यात ही नोंद पुढे कामाला येते.

या दोन आकड्यांपैकी कुठला जास्त बोलका? वरचा. वितळायला लागताना जे पहिलं द्रव होतं त्यात सगळी अशुद्धी गोळा झालेली असते. जसजसा आणखी घन वितळतो, तसतसं ते द्रव पातळ होत जातं, आणि शेवटचा स्फटिक जेव्हा जातो तेव्हा आजूबाजूचं द्रव सगळ्यात स्वच्छ असतं. म्हणून वरचा आकडा खऱ्या द्रवणांकाच्या जवळ असतो, आणि दोहोंमधलं अंतर अशुद्धीची कल्पना देतं. तुमचा वरचा आकडा १२१, कक्षा तीन अंशांची. शुद्ध, कोरड्या, हळू तापवलेल्या नमुन्याची कक्षा एका अंशाच्या आत यायला हवी, फार तर दीड.

पण थांबा, थर्मामीटर बरोबर आहे कशावरून? कॉलेजातला थर्मामीटर १०० च्या वर एक-दोन अंश चुकीचा असणं अगदी रोजचं. त्याची तपासणी सोपी आहे: ज्यांचा द्रवणांक पक्का माहीत आहे असे शुद्ध पदार्थ त्याच थर्मामीटरवर, त्याच वेगाने वितळवायचे. नॅफ्थलीन ८०, अ‍ॅसिटॅनिलाइड ११४, शुद्ध बेंझोइक अ‍ॅसिड १२२, सॅलिसिलिक अ‍ॅसिड १५९. औषधांच्या प्रयोगशाळेत यासाठी व्हॅनिलिन (८२ च्या आसपास), सल्फॅनिलामाइड (१६५), कॅफिन (२३६) हे मापदंड ठेवलेले असतात. त्यातून दुरुस्तीचा छोटा आलेख काढून थर्मामीटरच्या डब्याला चिकटवून टाकायचा.

शिवाय पाऱ्याच्या थर्मामीटरचा जो दांडा तेलाबाहेर हवेत असतो, तो थंड राहतो आणि आकडा कमी दाखवतो. दुरुस्ती अशी: ०.०००१६ गुणिले बाहेर उघडे राहिलेले अंश गुणिले (वाचलेलं तापमान वजा दांड्याचं सरासरी तापमान). १२० अंशांचा दांडा बाहेर, वाचन १६०, दांडा ४५ ला, तर दुरुस्ती २.२ अंश. लहान नाही ही. तुमच्यासारख्या १२० च्या कामात ती साधारण एका अंशाची निघेल, आणि तेवढ्यानेच तुमचा १२१ थेट १२२ होतो! विजेवर चालणाऱ्या नव्या यंत्रांत हा प्रश्न नसतो, पण ती यंत्रंही मापदंडाने तपासावी लागतातच. आकडा पडद्यावर दशांशात उमटला की मुलं त्यावर जास्त विश्वास ठेवतात, एवढाच फरक.

इतकं झाल्यावर ओळखीकडे येऊ. सहा उमेदवारांना वेगळं करायला आधी रासायनिक चाचण्या. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात चिमूटभर टाका. लगेच बुडबुडे आले तर कार्बोक्सिलिक अ‍ॅसिड: बेंझोइक, मँडेलिक किंवा सिनॅमिक. बीटा-नॅफ्थॉल गप्प राहील. तो सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळेल, आणि अ‍ॅनिलिनच्या डायझोनियम मिठाबरोबर भडक नारिंगी-लाल रंग देईल. अ‍ॅनहायड्राइड पाण्याशी हळूहळू अ‍ॅसिड बनतात, त्यामुळे बायकार्बोनेटने तिथे थोडी फसगत होऊ शकते. म्हणून बुडबुडे लगेच आले की रेंगाळत, ते बघा.

मँडेलिक आणि बेंझोइक यांत बायकार्बोनेट काहीच सांगत नाही. पण मँडेलिक थंड पाण्यात भरपूर विरघळतं, बेंझोइक १०० मिलिलिटरला खोलीच्या तापमानात जेमतेम ०.३४ ग्रॅम. आणखी पक्कं हवं तर टायट्रेशन. ०.२४४ ग्रॅम नमुना थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने फिनॉल्फ्थॅलिनवर टायट्रेट करा: बेंझोइकला २० मिलिलिटर लागतील, मँडेलिकला १६. चार मिलिलिटरचा फरक, नवशिक्या हातालाही दिसणारा. आणि इथे एक गंमत आहे. थोडा ओलावा द्रवणांकाला अंशभर पाडतो, पण टायट्रेशनला तो ०.२ टक्क्यांनी जाणवतो, म्हणजे जाणवतच नाही. दोन पद्धतींना वेगवेगळ्या गोष्टी खुपतात, म्हणूनच त्या एकमेकींच्या जोडीला लागतात.

शेवटचा शब्द मिक्स्ड मेल्टिंग पॉइंटचा. कॉलेजच्या बाटलीतलं खात्रीचं बेंझोइक अ‍ॅसिड घ्या. तीन कॅपिलऱ्या: एकीत तुमचा नमुना, दुसरीत बाटलीतलं, तिसरीत दोन्ही सारखे घेऊन छोट्या खलात नीट घोटलेलं मिश्रण. तिन्ही एकाच थर्मामीटरला, एकाच वेळी. तिन्ही एकत्र वितळल्या तर तेच आहे. तिसरीतली मिसळ दहा-वीस अंश आधीच ओघळली, तर दुसरं काहीतरी आहे, आकडे कितीही जुळोत. सिनॅमिक अ‍ॅसिड आणि युरिया यांचं उदाहरण जुनं आहे आणि अजूनही वर्गात करून दाखवण्यासारखं: दोघांचा द्रवणांक १३३, वेगवेगळे ठेवले तर ओळखू येणार नाहीत, योग्य प्रमाणात घोटले की मिश्रण शंभरच्या आसपासच वितळायला लागतं. या पद्धतीत थर्मामीटर चुकीचा असला तरी चालतो, कारण तिन्ही नळ्यांना तीच चूक लागते. मला विचाराल तर सगळ्या द्रवणांकाच्या कामातली ही सगळ्यात हुशार कल्पना आहे, आणि कॉलेजांत वेळ नाही म्हणून नेमकी हीच गाळली जाते.

घोटायला आळस नको. दोन पुडी नुसत्या शेजारी पडल्या तर त्या आपापल्या तापमानाला वितळतात आणि आपण फसतो. शंका उरली तर एकास नऊ आणि नऊस एक अशीही मिश्रणं करा, कारण काही जोड्या एकमेकींच्या स्फटिकात मिसळून बसतात आणि सारख्या मिश्रणात फार घट दाखवत नाहीत.

आता शुद्धतेबद्दल, कारण सरांचा दुसरा प्रश्न तोच होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चरबीतली अ‍ॅसिडं वेगळी करताना द्रवणांकाचा आधार घेतला: पुन्हा पुन्हा स्फटिक करा, आणि द्रवणांक चढायचा थांबला की शुद्ध झालं समजा. आजही हाच नियम वापरा. एकदा रिक्रिस्टलाइझ करा, वाळवा, मोजा. पुन्हा करा. ११८–१२१ चा १२१–१२२ झाला आणि तिसऱ्यांदा तिथेच राहिला, तर पहिल्यांदा अशुद्ध होता आणि आता नाही. एका मोजणीवरून शुद्धतेची भाषा करू नये.

पण द्रवणांकाला सगळी घाण दिसत नाही. जे वितळलेल्या द्रवात विरघळतच नाही, ते घट करत नाही: वाळूचा कण, काचेचा चुरा, फिल्टर पेपरचा धागा, मीठ. पाच टक्के सोडियम क्लोराइड असलेलं बेंझोइक अ‍ॅसिड कॅपिलरीत अगदी साळसूदपणे १२२ ला वितळेल. फक्त द्रव गढूळ दिसेल, आणि बघणाऱ्याने ते बघितलं पाहिजे. असल्या घाणीसाठी राख मोजतात. उलट टोकाला युटेक्टिक मिश्रण: दोन पदार्थ नेमक्या त्या प्रमाणात आले, तर ते शुद्ध पदार्थासारखंच एका ठिकाणी, झटकन वितळतं. तीक्ष्ण कक्षा म्हणजे शुद्ध, हे म्हणूनच अर्धसत्य. अशा वेळीही मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट वाचवतो, कारण त्यात कुठलाही एक घटक जास्त घातला की तीक्ष्णपणा मोडतो.

टक्क्यांत शुद्धता हवी असेल तर कॅपिलरी सोडा आणि डीएससीकडे (डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्रीकडे) जा. त्या यंत्रात वितळण्याची उष्णता मोजली जाते आणि वर सांगितलेलंच गणित वितळण्याच्या वक्रावर लावलं जातं; तपासणी १५६.६ अंशांना वितळणाऱ्या इंडियम धातूने. तेही साधारण ९८ टक्क्यांच्या वर शुद्ध असलेल्या आणि विघटन न होणाऱ्या पदार्थांनाच लागू. त्याखाली गणित मोडतं. कारखान्यांत आता ओळखीला इन्फ्रारेड स्पेक्ट्रम आणि अशुद्धीला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) वापरतात. तरी कित्येक कच्च्या मालांच्या तपशिलात द्रवणांकाची ओळ अजून टिकून आहे, कारण पाच मिनिटांत चुकीचा ड्रम परत पाठवता येतो.

काही पदार्थ मुळातच या पद्धतीला दाद देत नाहीत. साखर, ग्लायसीन, बरीच अमिनो अ‍ॅसिडं वितळतानाच जळतात. त्यांचा आकडा तापवण्याच्या वेगावर हलतो, म्हणून त्यापुढे ‘विघटनासह’ असं लिहितात आणि तक्त्याशी पाच अंशांचा फरक पडला तरी घाबरत नाहीत. अ‍ॅस्पिरिन १३५ च्या आसपासचं, पण सावकाश तापवलं तर वाटेतच विघटन होऊन खाली उतरतं. ते आधी तापलेल्या तेलात उतरवतात. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड बाटलीत बहुधा दोन पाण्यांसह असतं आणि १०१ ला वितळतं. पाणी काढलेलं १८९ ला. तक्त्यात दोन्ही असतात आणि मुलं हमखास दुसरं धरतात.

बहुरूपता हा त्याहून चिवट प्रकार. पॅरासिटामॉलचं नेहमीचं स्फटिकरूप १७० च्या जवळ वितळतं, दुसरं एक रूप १५७ च्या आसपास. रेणू तोच, शुद्धता तीच, रचना वेगळी. तेव्हा कमी आकडा म्हणजे अशुद्धच असं नाही. रिटोनाव्हिर या एचआयव्हीवरील औषधात १९९८ मध्ये अचानक एक नवं, जास्त स्थिर आणि कमी विरघळणारं रूप निघालं आणि कॅप्सूल काही काळ बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. औषध कारखान्यांत स्फटिकरूपाची एवढी काळजी घेतात, त्यामागे अशी प्रकरणं आहेत. एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या रेणूंच्या जोड्यांचंही असंच: नेहमीचं रेसेमिक आयबुप्रोफेन ७५ ते ७८ ला, त्यातला एकटा कामाचा एस-प्रकार पन्नाशीच्या किंचित वर. मँडेलिक अ‍ॅसिडचं उलट आहे, रेसेमिक ११९–१२१ आणि एकटा प्रकार १३१ ते १३४. तक्त्यात नावापुढे डीएल (म्हणजे रेसेमिक) आहे की नाही, ते बघत चला.

गोव्यातल्या कुणी भिरंडेलाचा द्रवणांक विचारला तर त्याला कॅपिलरीचा वरचा नियम लावू नका. कोकमाच्या बियांचं हे तूप ३८ ते ४२ अंशांत मऊ होऊन वितळतं. तो एक रेणू नाही, अनेक ग्लिसराइडांचं मिश्रण आहे, त्यामुळे तिथे रुंद कक्षा म्हणजे भेसळ नव्हे. चरबीसाठी दोन्ही टोकं उघडी असलेली कॅपिलरी घेतात आणि पाण्यात तापवताना थर वर सरकतो ते तापमान धरतात. खोबरेलही तसंच, चोविसाच्या आसपास. म्हणून डिसेंबरच्या पहाटे बाटलीत थिजलेलं असतं.

नमुना द्रव असेल तर पूर्वी त्याचा घन पदार्थ बनवून त्याचा द्रवणांक घेत. अ‍ॅसिटोनचं २,४-डीएनपी हे असं घन रूप १२६ ला वितळतं, बेंझाल्डिहाइडचं २३७ ला. स्पेक्ट्रोस्कोपी आल्यावर याची गरज संपली, पण परीक्षेत अजून विचारतात.

तर जर्नलमध्ये असं लिहा: नमुना सिलिका जेलवर रात्रभर वाळवला, तापवण्याचा वेग मिनिटाला एक अंश, थर्मामीटर अ‍ॅसिटॅनिलाइड आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडवर तपासला, दुरुस्ती इतकी, पहिला थेंब अमुक, पारदर्शक तमुक, बायकार्बोनेटने लगेच बुडबुडे, टायट्रेशनला इतके मिलिलिटर, खात्रीच्या बेंझोइक अ‍ॅसिडबरोबरचा मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट इतका, घट नाही. एवढं लिहून सरांना दाखवलं की ‘कशावरून’ विचारायला जागा उरणार नाही. आणि पुन्हा मोजल्यावरही कक्षा तीन अंशांचीच आली, तर गरम पाण्यातून एकदा रिक्रिस्टलाइझ करा, गाळताना थंड पाण्याने दोनदा धुवा, आणि वरचा आकडा चढतो का ते बघा.